गेटमन ओव्हाळ आणि रनचे अर्थ

मच्छिंद्र म्हाळू ओव्हाळ केडगावच्या अलीकडच्या एका फाटकावर गेटमन होता. फाटकाशेजारच्या एका खोलीत तो, त्याची बायको धुरपदा आणि दोन पोरी असा संसार. गाडीची घंटा झाली की फाटक लावायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. चौदा वर्षं हेच चाललेलं. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की सहजी न सोडणारा. धुरपदा म्हणायची, "ह्या मानसाला खुळ्यानं बी येकांदी गोष्ट सांगू न्हाई. धरून बसतंय."

मूळ गाव इनामगाव. शिरूरच्या बोर्डिंगात राहून तो नववीपर्यंत शिकला होता. बाप म्हाळू दौंडच्या लोको शेडमध्ये इंजिनाची राख उपसायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला तेव्हा पोराला समोर बसवून त्यानं एकच सांगितलं होतं, की आता राख उपसायचं काम माझ्यापाशी संपलं पाहिजे. मच्छिंद्रनं राख उपसली नाही हे खरं, पण गेटमनचा निळा कोट अंगावर चढला तो चढलाच. खालच्या वर्गातून वरच्या वर्गात जायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे. एकाहत्तर साली दौंडच्या यार्डात नंबर टेकरच्या जागा निघाल्या. मालगाडीच्या डब्यांचे नंबर वहीत टिपायचे, असं ते काम. खुर्ची, टेबल, कानावर पेन्सिल. मच्छिंद्रनं अर्ज टाकला.

रेल्वेच्या आस्थापना कचेरीत चांगदेव नावाचा कारकून होता, बोर्डिंगातला त्याचा जुना सोबती. तो म्हणाला, "गणित तुझं पक्कं हाय. कामाचे नियम तर तुला झोपेत येत्यात. इंग्रजी तेवढं बघ."

मच्छिंद्रनं इंग्रजी बघितलं. नववीचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणलं आणि कंदिलाखाली नव्हे, दिवसाढवळ्या फाटकाच्या ओट्यावर बसून पाठ केलं. गो म्हणजे जाणे, कम म्हणजे येणे, रन म्हणजे धावणे. सोलापूरला एका शाळेत परीक्षा झाली. इंग्रजी उताऱ्याचं मराठी करायचं होतं. उतारा त्याच्याच रोजच्या कामातला बघून त्याला बरं वाटलं. मालगाडी उशिरा रन होतेय, ड्रायव्हर रनिंग रूममध्ये आहे, असं काहीतरी होतं. मच्छिंद्रनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मालगाडी उशिरा धावत आहे. ड्रायव्हर धावण्याच्या खोलीत आहे.'

सहा मार्कांनी गेला.

"धावण्याची खोली?" चांगदेवला हसू आवरेना. "अरे, रनिंगरूम रे. दौंडच्या स्टेशनाबाहेर हाय ती. ड्रायव्हर, गार्ड झोपत्यात ती."

मच्छिंद्र त्याच्याकडे बघतच राहिला. ती खोली त्याला लहानपणापासून ठाऊक होती. बापाचा डबा घेऊन जाताना तो तिच्या दारावरून जायचा. पण सगळं दौंड तिला रलिंगरूम म्हणायचं. रलिंगरूममध्ये हा रन लपून बसलाय हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"झोपायच्या खोलीला धावायची खोली का म्हनायचं?" त्यानं विचारलं.

"म्हनत्यात. तू लक्षात ठेव, झालं."

हे 'म्हनत्यात' मच्छिंद्रला पुढं सहा वर्षं छळत राहिलं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत पिंटोसाहेब राहायचे. निवृत्त मेल ड्रायव्हर. घरात इंग्रजीच बोलायचे, बाजारात मोडकंतोडकं मराठी. म्हाळूला ओळखायचे, म्हणून मच्छिंद्रला त्यांनी ओसरीवर बसवून घेतलं. सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं तो दौंडला जायचा, पिंटोसाहेबांच्या कोंबड्यांना मूठभर बाजरी न्यायचा, आणि वही उघडून बसायचा.

"आय रॅन धिस इंजिन ट्वेंटी टू इयर्स," भिंतीवरच्या फोटोतल्या इंजिनाकडे बोट करून पिंटोसाहेब म्हणाले.

"म्हंजी तुम्ही इंजिन पळवलं."

"नो, नो. पळवलं म्हणजे चोरी. मी चोरी कुठे केली? मी रॅन."

"मग चालवलं."

"येस. चालवलं."

"चालवलं म्हंजी ड्राइव्ह ना साहेब?"

"ड्राइव्ह पण चालतं. रन पण चालतं."

"फरक काय?"

पिंटोसाहेब बराच वेळ मिशीला हात लावून बसले. मग म्हणाले, "फरक काय नाय. रन म्हणजे रन, मॅन."

ते दुष्काळाचं साल होतं. भीमेच्या पात्रात गुरं चालत पलीकडे जायची. पुलाकडे हात करून पिंटोसाहेब सहज बोलून गेले, "द रिव्हर रॅन ड्राय." मच्छिंद्रनं ते लिहून घेतलं आणि तिथंच अडला. नदी धावली, तर मग कोरडी कशी? आणि कोरडी पडली, तर धावली कशी? पिंटोसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, नदीला विचार. त्यांच्या नातीचं नाक गळत होतं, तेही रन होत होतं. नवीन परकर धुतला आणि रंग उतरला, तोही रन झाला. बाहेर रस्ता नुसता पडलेला होता, जागचा हलत नव्हता, तोही म्हणे कॅनॉलच्या कडेनं रन होत होता. मच्छिंद्र गाडीत बसून परत यायचा तेव्हा त्याचं डोकं ठणकत असायचं. शिकवणाऱ्याला सगळं येत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. त्याच्यावर रागवावं तरी कसं?

घरी धुरपदा भाकरी थापत असायची. एकदा तिनं विचारलं, "येवढं काय लिवता रोज?"

"एकच शब्द हाय. पन त्याचं अर्थ संपना."

"त्यात काय नवल?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "भूक लागती. पायाला दगूड लागतो. हिरीला पानी लागतं. दूध बुडाला लागतं. नोकरी लागती. दिवा लागतो. आन् तुमास्नी याड लागलंय."

ते ऐकून मच्छिंद्रला बरं वाटण्याऐवजी जास्तच चीड आली. खरंच की. लागणे म्हणजे काय, असं कुणी त्याला विचारलं असतं तर त्यालाही पिंटोसाहेबांसारखी मिशी चाचपत बसावं लागलं असतं. पण लागणे येत नाही म्हणून कुणा साहेबाची बढती अडलेली त्यानं ऐकली नव्हती. मद्रासकडचे, बंगालकडचे साहेब येत, दोन-दोन वर्षं राहत, 'पाणी लागलं' म्हणजे काय हे न कळताच बदलून जात, वरच्या जागेवर जात. अडायचं ते ह्यानंच.

त्र्याहत्तर साली तो पुन्हा बसला. ह्या वेळी उताऱ्यात एक माणूस स्टेशनजवळ छोटं दुकान रन करत होता. मच्छिंद्रनं ताडकन लिहिलं, 'दुकान चालवीत होता.' पण पुढच्याच ओळीत त्या दुकानातला साखरेचा साठा रॅन आउट झाला होता. बराच वेळ पेन हातात धरून त्यानं विचार केला. धावणे बसत नव्हतं, चालवणे बसत नव्हतं, गळणे बसत नव्हतं. शेवटी लिहिलं, 'साखरेचा साठा बाहेर पळाला.' चार मार्कांनी गेला. दौंडच्या चहाच्या गाड्यावर चांगदेवनं त्याला समजावलं की साठा संपला, एवढंच. मच्छिंद्रनं कप तसाच ठेवला आणि उठला.

"आरं, च्या तरी संपीव."

"रन आउट झाला म्हनून सांग," तो म्हणाला आणि चालता झाला.

त्या उन्हाळ्यात तो शिरूरला गेला. आठवीत इंग्रजी शिकवणारे आण्णा मास्तर तिथं घोडनदीच्या बाजूला राहत होते. आता त्यांना नीट दिसत नव्हतं, पण मच्छिंद्रचा आवाज त्यांनी ओळखला. सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू नुसता रन बघतोस. त्याच्या मागून काय येतं ते बघ. आउट आला की संपणं. अवे आला की पळून जाणं. शेपटावरनं जनावर ओळखायचं."

दोन वर्षांत हे पहिलं काहीतरी धरण्यासारखं होतं. मच्छिंद्रनं वहीत शेपटांची यादी केली. आउट म्हणजे बाहेर, इन म्हणजे आत, अप म्हणजे वर, ओव्हर म्हणजे अंगावरनं. जिथं मिळेल तिथून तो रन गोळा करू लागला. रेडिओवरच्या क्रिकेटातून, साखर कारखान्याच्या पाटीवरून, केडगाव स्टेशनात गाडीतून कुणी टाकलेल्या इंग्रजी कागदातून. फाटकावर थांबलेल्या मोटारीतल्या शिकल्या-सवरल्या माणसाला तो नमस्कार करून विचारायचा. काही जण सांगायचे, काही काच वर करून घ्यायचे.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. फाटकापलीकडच्या वस्तीवर मारुतराव नावाचे बागाईतदार होते. त्यांचा एक खिल्लारी बैल दावं तोडून सुटला आणि रुळांवर येऊन उभा राहिला. फाटक लावलेलं होतं, बैल बांधावरून आला होता. मालगाडी वळणावर दिसत होती. मच्छिंद्रनं लाल झेंडी फडकावली, आणि तेवढ्यावर न थांबता ओरडत, झेंडीची काठी उगारत बैलाच्या अंगावर धावून गेला. बैल बिथरून रुळांवरून खाली उतरला. ड्रायव्हरनं ब्रेक मारलेच होते. गाडी पाच-पन्नास पावलांवर उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मारुतरावांनी भर उन्हात येऊन मच्छिंद्रचे हात धरले. "घरचा मानूस वाचिवला तुम्ही," ते म्हणाले. एरवी फाटकावर दोन शब्द न बोलणारा माणूस तो.

गाडी नऊ मिनिटं थांबली होती, म्हणून जबाब मागवला गेला. मराठीत दिला असता तरी चाललं असतं. चांगदेवनं तसं सांगितलंही. पण मच्छिंद्रला वाटलं, हीच वेळ आहे. जबाब वाचणारे साहेब मद्रासकडचे. आपल्या हातचं इंग्रजी त्यांनी एकदा बघावं. दोन दिवस खपून त्यानं अर्धं पान लिहिलं. अंगावर धावून जाणं, म्हणजे रन, आणि शेपूट ओव्हर. त्यानं लिहिलं, 'आय रॅन ओव्हर द बुलक.'

साहेबांनी त्याला दौंडला बोलावलं. समोर कागद होता. त्यांनी हिंदीतून विचारलं, "बैल मर गया?"

"नही साहब. बैल अच्छा है."

"तुम्हारे पास मोटर है?"

"नही साहब."

"फिर बैल के ऊपर से क्या चलाया तुमने?"

मच्छिंद्रला कळेना. साहेबांनी चष्मा काढला, कागद शेजारच्या हेडक्लार्कपुढं सरकवला. त्यानं वाचला आणि तोंडावर रुमाल धरला. मग कुणीतरी त्याला मराठीत उलगडून सांगितलं की बाबा रे, तू बैल चिरडलास असं तू स्वतः लिहून दिलंयस. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मराठीत दुसरा जबाब घ्यायला लावला, पाठीवर हातही ठेवला, कामगिरी चांगली आहे म्हणाले. पण ती शाबासकी कुणाच्या लक्षात राहिली नाही. संध्याकाळच्या आत दौंडच्या स्टेशनात हमालापासून फायरमनपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी ती एकच गोष्ट होती.

"काय मच्छिंदर, आज कुनाच्या अंगावरनं गेलास?"

महिना गेला, वर्ष गेलं, तरी हे संपेना. मालगाडीचा गार्डसुद्धा फाटकावरून जाताना बैलासारखा हंबरायचा. मच्छिंद्रला सर्वांत जास्त कशाचा राग यायचा, तर त्यात त्याची चूक अशी नव्हतीच. मराठीत अंगावर धावला तर बैल वाचतो आणि इंग्रजीत धावला तर मरतो. आण्णा मास्तरांनी दिलेलं शेपूट त्यानं बरोबर धरलं होतं. शेपटाला धरूनही जनावर दुसरंच निघालं, ह्याला तो काय करणार? त्यानं दौंडला जाणं सोडलं. पिंटोसाहेबांच्या कोंबड्यांची बाजरी बंद झाली. धुरपदानं दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तो ताटावरून उठला. पण वही त्यानं टाकली नाही. उलट ती आणखी भरत गेली. प्रत्येक रनपुढं आता एक अख्खं वाक्य होतं, आणि ते वाक्य कुणा ना कुणा जाणत्याकडून तपासून घेतलेलं होतं.

सत्त्याहत्तर साली पुन्हा जागा निघाल्या. वयाची अट होती आणि मच्छिंद्रची ही शेवटची खेप होती. सोलापूरच्या त्याच शाळेत, लहान पोरांच्या बाकावर गुडघे मुडपून तो बसला. इंग्रजीचा पेपर दोन तासांचा. पहिलाच प्रश्न वाचला आणि त्याला आपले डोळे चोळावेसे वाटले. 'रन' हे क्रियापद पाच वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यात वापरा. गुण पाच.

त्यानं पेनाचं टोपण काढलं. गाडी रन झाली, दुकान रन झालं, नदी रॅन ड्राय, साठा रॅन आउट, रस्ता कॅनॉलच्या कडेनं रन झाला. पाच झाले. दहा मिनिटंही गेली नव्हती. इथं थांबायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण हात थांबेना. नाक रन झालं, रंग रन झाला, ताप रन झाला. घड्याळ दहा मिनिटं पुढं रन झालं. इंजिनाला पाणी कमी पडलं, तो रन शॉर्ट. जुना सोबती अचानक भेटला, तो रन इंटू. आणि बैल. बैलाचं वाक्य त्यानं दोनदा लिहिलं. गाडी बैलावरून गेली तर रन ओव्हर, आणि माणूस बैलावर धावून गेला तर रन अॅट. अॅटखाली त्यानं रेघ मारली. इतकी जोरात, की कागद फाटला. पुरवणी मागून घेतली. पर्यवेक्षकानं एकदा पानाकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि पुढं गेला.

एकतिसावं वाक्य लिहून त्यानं वर पाहिलं तेव्हा पाऊण तास उरला होता. उतारा मोठा होता. तो कसाबसा संपवला. रजेचा अर्ज आणि सारांश लिहायचा राहिला. वीस मार्कांचे ते दोन प्रश्न होते. अर्ज सुरू केला, 'सर' लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि घंटा झाली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये कुर्डुवाडीपर्यंत त्याला काही वाटलं नाही, उलट छाती हलकी होती. कुर्डुवाडीनंतर त्यानं बोटांवर बेरीज करायला घेतली. दौंड येईपर्यंत ती चार वेळा केली. प्रत्येक वेळी तेवढीच आली.

दौंडला उतरून तो दोन वर्षांनी पिंटोसाहेबांकडे गेला. त्यांनी कुठं होतास असंही विचारलं नाही, आरामखुर्ची पुढं ओढली. मच्छिंद्रनं एकतीसच्या एकतीस वाक्यं उभ्यानं म्हणून दाखवली. पिंटोसाहेब बोटांवर मोजत गेले.

"ट्वेंटी नाइन करेक्ट," ते म्हणाले. "दोन जरा गडबड. पण मॅन, मला पण एवढे आठवत नाय."

"तुम्ही परीक्षंला बसला असता साहेब, तर पास झाला असता."

"माझी परीक्षा कोण घेतो?" पिंटोसाहेब हसले. ते सरळ मनानंच बोलले होते. मच्छिंद्रला मात्र ते झोंबलं. त्यानं नमस्कार केला आणि निघाला.

निकाल दीड महिन्यानं लागला. तीन मार्कांनी गेला होता. चांगदेव सांगायला स्वतः फाटकावर आला, हसला नाही. पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी पाच पडलेत, असं हळूच सांगून गेला. निवड झालेल्यांत ज्याचं नाव शेवटचं होतं, त्याचं इंग्रजी मच्छिंद्रपेक्षा कच्चं होतं. त्यानं रनची तीनच वाक्यं लिहिली होती आणि रजेचा अर्ज मात्र पूर्ण केला होता.

चार दिवस मच्छिंद्र घरात कुणाशी बोलला नाही. फाटक लावताना साखळी आपटायचा. पाचव्या दिवशी धुरपदा ओट्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली, पदरात शेंगा घेऊन.

"पाच इचारलं हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग पाचच लिवायचं हुतं."

"मला कळत न्हवतं व्हय?"

"मग?"

तो शेंग न फोडता हातात फिरवत राहिला. "सा वरसं झाली, धुरपदा. जो तो माझ्यापुढं जे येत न्हाई तेच ठिवायचा. त्या दिवशी पयल्यांदा मला येतंय ते इचारलं. मग पाचावर कसं थांबू?"

धुरपदानं चार शेंगा फोडून दाणे त्याच्या हातावर ठेवले. "तरी बी थांबायचं हुतं," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "थांबायचं हुतं."

आत घंटा वाजली. मच्छिंद्रनं दाणे तोंडात टाकले, कोट चढवला आणि फाटक लावायला गेला. केडगावच्या बाजारातून येणारा एक बैलगाडीवाला लांबूनच हात करत होता, की मला जाऊ द्या, मग लावा. मच्छिंद्रनं त्याच्याकडं न बघता साखळी अडकवली.

"आरं, गाडी तर दिसंना अजून," बैलगाडीवाला कुरकुरला.

"यायलीय," मच्छिंद्र म्हणाला. "उबा ऱ्हा तिथंच."